ऑर्लिनच्या हातची काडतुसं

हरणांचा हंगाम उघडायला तीन दिवस उरले होते, म्हणून सगळ्यांनाच एकदम आपापली रायफल आठवली होती. नेमबाजीच्या मैदानावर सकाळपासून बार उडत होते आणि अर्डिथ बाकांच्या मागे वाकून पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होती.

दुकानातली काडतुसं उडवणारे पुंगळीकडे ढुंकून बघत नाहीत. पुंगळीत घरीच बंदुकीची दारू भरणारे ती जमिनीला टेकायच्या आत झेलतात. गावातला कोण कुठल्या रांगेतला, हे अर्डिथला तोंडपाठ होतं. तरी रीत म्हणून ती प्रत्येकाला विचारायची, “ठेवणार आहेस, की नेऊ?” माणूस मान न वळवता म्हणायचा, “ने.” आज असे अकरा ‘ने’ जमले होते. दिवसभरात तिच्याशी कोणी बोललं असेल तर ते एवढंच.

घरी तळघरात धुऊन-पुसून लख्ख केलेल्या पुंगळ्यांचे सात डबे उभे होते. वसंतात नवरा गेला, तेव्हापासून एकानेही ‘भरून दे’ म्हटलं नव्हतं. राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे इथे माणूस बंदूक हातात घेण्याआधी शिकतो. दारू जरा जास्त पडली की रायफल आपल्याच तोंडावर फुटते. या नियमाला साऱ्या पंचक्रोशीत एकच अपवाद होता, तिचा ऑर्लिन. त्याच्या हातची काडतुसं लोक डोळे मिटून घालत.

शेवटच्या बाकावर गेलन होता, ऑर्लिनचा चाळीस वर्षांचा शिकारीचा जोडीदार. त्याने बारांचा आवाज अडवणाऱ्या कानांवरच्या टोप्या खाली ओढल्या, तिला शेजारी बसवलं, थर्मासमधली कॉफी ओतली आणि दुकानातल्या मालाच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा गोळ्या पसरतायत म्हणे. मग त्याने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत चार काडतुसं होती.

“ऑर्लिनच्या हातची. एवढीच उरली,” तो म्हणाला. तीन हरणाच्या शिकारीसाठी, एक आत्ता नेम बघायला. चर्चमध्ये पाद्री पाव उचलतो तसं त्याने एक उचललं आणि रायफलीत सरकवलं. “कॉफीचा कप धरला की अर्धी मांडीवर सांडायचा बेटा. पण दारूचा कण इकडचा तिकडे नाही. काय हात होता गड्याचा.”

गाडीतून येताना घोकलेलं वाक्य अर्डिथने तेव्हाच म्हणून टाकलं. “तुझी मी भरून देत जाईन, गेलन.”

तो मायेनेच हसला. हे काय तुझ्या लिंबाच्या वड्या आहेत का, म्हणाला. अंदाजाने घातलं चमचाभर, आणि झालं. त्यापेक्षा ते भरायचं यंत्र विकून टाक, गिऱ्हाईक मी बघतो, उगाच जिन्याने वर-खाली करू नकोस.

“नऊ वर्षं मीच भरतेय.”

गेलन थांबला. चेष्टा असेल तर तिला संपायला वेळ द्यावा, एवढा थांबला.

“तुझ्या रायफलीत काडतूस बसतं ते घर तंग आहे,” अर्डिथ म्हणाली. “दुकानातलं काडतूस शेवटी अडतं, अंगठ्याने रेटावं लागतं. म्हणून तुझ्या पुंगळ्यांचे खांदे, मानेखालचा तो उतार, मी केसभर मागे दाबते. फक्त तुझ्याच.”

गेलनने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो सकाळपासून लाल झाला होता.

मग तिने बाकीचंही सांगितलं. हात थरथरायला लागले तसं ऑर्लिनला तराजूवर दारू तोलता येईना. पुंगळीच्या बुडाशी बार पेटवणारी टिकली बसवताना ती बोटांतून निसटून जमिनीवर पडायची. मग भरायचं काम हिच्याकडे आणि डब्या मैदानावर पोचवायचं त्याच्याकडे, अशी वाटणी झाली. इथे मिळालेली शाबासकी तो घरी जशीच्या तशी आणून द्यायचा. कोण काय म्हणालं, कुठल्या शब्दात म्हणालं, सगळं. जेवताना दोघं त्यावर पोट धरून हसायची.

गेलन हसला नाही. त्याने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग, अवघड जागी हात द्यावा तसं, त्याने हळूच विचारलं, “पण तो शेजारी बसून तपासत असेल ना सगळं?”

हो म्हणायला काही लागत नव्हतं. एका शब्दात काम झालं असतं, आणि कदाचित तळघरातले डबेही रिकामे झाले असते.

“सुरुवातीला बसायचा,” अर्डिथ म्हणाली. “मग त्याला झोप लागायची.”

गेलनने मान डोलावली. रायफलीचा काडतूस काढायचा दांडा सावकाश मागे ओढला, काडतूस बाहेर येताना बोटांत धरलं आणि पुढ्यातल्या टेबलावर उभं ठेवलं. थोड्या वेळाने एका बोटाने ते आपल्यापासून वीतभर लांब सरकवलं. मग दुकानातल्या खोक्यातलं एक काढून अंगठ्याने रेटून आत बसवलं आणि टोप्या कानांवर चढवल्या.

“थांब जरा, अर्डिथ,” कान झाकलेली माणसं बोलतात तसा तो मोठ्याने म्हणाला, “तुला अजून पुंगळ्या होतील.”