बाळूचे अर्धे गुण

बस फाटकातून आत वळली तेव्हा दगडू पाण्याचा पाइप धरून मैदानाच्या मधोमध उभा होता. काचेवरचा स्वित्झर्लंडचा लाल झेंडा, त्यातला पांढरा क्रॉस आणि शेजारचं क्लबचं चिन्ह त्याने लांबूनच ओळखलं. पाइप हातातून निसटला आणि पाणी त्याच्याच बुटांत शिरलं.

"यल्ला दगडू, बाजू हट!" सुपरवायझर ओरडला.

१९९९ चा जानेवारी होता. आखातातल्या अल ऐनच्या त्या हॉटेलातलं फुटबॉलचं मैदान दगडू सहा वर्षं सांभाळत होता. तिकडे बर्फ पडून लीग थांबली की युरोपातले संघ इथे सरावाला येत. पण नेमका हाच संघ येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

या संघात रेतो होता. सावळा, दाट केसांचा मिडफिल्डर. दोन वर्षांपूर्वी पेपरात त्याचा फोटो आला होता. महाराष्ट्रातल्या कुठल्याशा आश्रमातून स्विस जोडप्याने दत्तक घेतलेला मुलगा, असं खाली छापलं होतं. हॉटेलची बस चालवणाऱ्या हैदराबादच्या हारुनने ते वाचून दाखवलं. त्याच शुक्रवारी दगडूने गावी फोन लावला. "आई, आपला बाळू सापडला. फुटबॉल खेळतो."

बाळू त्याचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर महिन्याभराने, चौऱ्याहत्तर साली जन्मलेला. आई, ठकुबाई, तापाने फणफणलेली, अंगावर दूध नाही. तालुक्याला एका स्विस बाईंचा आश्रम होता. दूध पावडर वाटायला त्या गावात येत. बारा वर्षांच्या दगडूने बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि पायी निघाला. दिवस मावळताना रिकाम्या हातांनी परतला. बाळू स्वित्झर्लंडला गेला, हे तेव्हापासून अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

फोटो आल्यापासून ठकुबाई दर शुक्रवारी दुकानातल्या फोनपाशी येऊन बसे.

"जितला का आपला?"

"जितला. दोन-एक."

मागच्या महिन्यात मात्र पंचाईत झाली. पहिली फेरी संपली, बाळूचा क्लब पहिल्या आठांत आला. पण तिथल्या नियमाप्रमाणे पुढच्या फेरीत जाताना सगळ्यांचे गुण निम्मे होतात. हे आईला समजावताना दगडूला घाम फुटला.

"निम्मं? का म्हून? फुकट मिळीवलं व्हतं का त्यानं?"

"सगळ्यांचेच होतात, आई."

"सगळ्यांचं होऊ दे. आपल्याचं का?"

मग ती दुसरी, कपची स्पर्धा तरी शाबूत आहे का, असं तिने विचारलं. आहे, म्हटल्यावर जरा शांत झाली.

आणि आता तो क्लबच दगडूच्या हिरवळीवर धावत होता. दगडूला सुचेनासं झालं. एकाच पट्ट्यावर तो तीनतीनदा रोलर फिरवी. चेंडू जवळ आला तर मान वर न करता परत लाथाडी. जेवणाचा डबा तसाच परत नेई. रेतो या टोकाला आला की तो त्या टोकाला जाई.

"भाई आया है तेरा, और तू मुंह छुपाता है?" हारुन म्हणाला.

"वो बडा आदमी है. मैं क्या बोलूं?"

"तू मत बोल."

सहाव्या दिवशी हारुननेच रेतोला सांगून टाकलं.

रेतो धावतच अवजारांच्या शेडपाशी आला. पायांत नुसते मोजे, बूट हातात. भरभर इंग्रजीत बोलत राहिला आणि हारुन ते हिंदीत सांगत गेला. साल तेच. महाराष्ट्रही तोच. आश्रम बंद पडलेला, कागद हरवलेले. सहा वर्षं तो आईला शोधत होता.

रेतोने दगडूचा हात धरला, आपल्या हाताशेजारी ठेवला, एकेक बोट निरखून पाहिलं. हसायला गेला, पण हसू फुटलं नाही.

"पूछता है, पक्का ना? तू ही लेके गया था?"

दगडूने हात सोडवून घेतला. "हां," तो म्हणाला. "मैं ही लेके गया था."

शुक्रवारी दुपारी तिघे फोनच्या बूथमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. बसमध्ये येताना रेतोने एकच शब्द घोकला होता.

"आई, बाळू हाय हितं. बोल." दगडूने रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"आई," रेतो म्हणाला.

पलीकडून ठकुबाईचा आवाज बूथभर ऐकू आला. "आरं, जेवलास का तू?" आणि हुंदके आवरून, "त्या गुणांचं मनाला लावून घिऊ नगंस."

हारुनने कसंबसं ते सांगितलं. रेतो हसत हसत काचेला कपाळ टेकून रडला.

मग तिने दगडूला फोनवर बोलावलं. "लेका, त्या दिशी लहान जीव येवढं चालत गेलास. म्या तुला कधी बोलली न्हाई. तू व्हतास म्हून तो जगला."

"ठेवतो, आई," दगडू म्हणाला.

शनिवारी सकाळी बस निघाली. पायरीवरून रेतो पुन्हा खाली उतरला, दगडूला कवटाळलं. सीझन संपला, कपची फायनल झाली की जूनमध्ये तो गावाला येणार होता. दगडूनेही यायचं, आणि आश्रमाच्या ज्या रस्त्याने दगडू त्याला घेऊन गेला, त्या रस्त्याने दोघांनी एकदा चालायचं.

"इन्शाल्ला," हारुन म्हणाला. दगडूने मान हलवली.

बस दिसेनाशी झाल्यावर तो मैदानात आला आणि गवतावर बसला. आश्रम अजून दोन कोस लांब होता तेव्हाच फडक्यातलं रडणं थांबलं होतं, आणि ओढ्याकाठच्या करंजाखाली बारा वर्षांच्या दगडूने हातांनीच खड्डा उकरला होता.