दोघांसाठी एक खोली

“उना आबितासियोन, पोर फावोर!” आकाराम खणखणीत आवाजात म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. स्पॅनिशमध्ये ‘एक खोली द्या’ एवढंच म्हणायचं होतं. आकारामांनी ते शड्डू ठोकल्यासारखं म्हटलं होतं.

हसणाऱ्यांत ते स्वतःही होते. “म्याडम, खोली मागतोय का ताबा घेतोय, माझं मलाच कळंना,” ते म्हणाले.

मंगळवार पेठेत एका दुकानाच्या माडीवर प्रवासापुरतं स्पॅनिश शिकवायचा हा वर्ग भरत असे. शिकवणारी वर्षाराणी सव्वीस वर्षांची. आकाराम चौसष्ट वर्षांचे, दूध संघातून निवृत्त झालेले. सारा जन्म दुधाचं फॅट मोजण्यात गेला, आता ही जीभ कुठली वळतीय, असं तेच सगळ्यांना सांगत सुटायचे. पण एकही तास चुकवत नसत. पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन स्पेनला निघाले होते. त्यांची लेक पूर्णिमा तिकडच्या मुलाशी लग्न करून तिकडेच राहिली होती. सहा वर्षांत भेट नव्हती. एकदा लेकीला डोळे भरून बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पाणी मागणं, तिकीट काढणं, संडास कुठे आहे ते विचारणं, बाकीच्यांचं सगळं शिकून झालं. आकाराम मात्र अजून खोलीतच अडकले होते. खोली आहे का, दोघांना चालेल का, आजच मिळेल का, किती दिवस मिळेल. रात्रंदिवस हीच चार वाक्यं ते घोकत. बायको म्हणे, झोपेतही तुम्ही लॉजच शोधताय.

शेवटच्या तासाला सगळे गेल्यावर वर्षाराणीनं विचारलंच.

“काका, लेकीचं घर हाय की तिथं. मग लॉज कशाला?”

“लेकीच्या घरचं पाणीबी घेत न्हाय आम्ही. रीत हाय म्याडम. लेकीला मूल हुईस्तवर बापानं तिच्या घरात जेवायचं न्हाय.”

“मग परवा मोबाईलवर फोटो दाखवलासा, तो कुणाचा?”

“नातू माझा! चार वर्षांचा हाय,” आकाराम छाती फुगवून म्हणाले. आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

रीत चार वर्षांपूर्वीच फिटली होती. “खोटं बोलायलाबी अक्कल लागती, म्याडम. आमच्याकडं तिचाच दुष्काळ,” असं म्हणून ते हसले. या वेळी मात्र त्यांना एकट्यालाच हसावं लागलं.

“लग्नाच्या वक्ताला मीच तिला म्हणलोतो, परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नगंस,” ते म्हणाले. “फोटो ती आईला पाठवती. आमी येतोय, हे अजून तिला सांगितलेलं न्हाय. सांगायला तोंडच न्हाय मला.” त्यांनी वहीचं कोरं पान उघडून पुढं केलं. “एकच वाक्य ऱ्हायलंय. तेवढं लिहून द्या. तिनं दार उघडलंच न्हाय, तर दाराबाहेरनं काय म्हणायचं?”

वर्षाराणीनं पेन उचललं. पुन्हा खाली ठेवलं. वही मिटून तिनं त्यांच्या हातात दिली.

“त्याला स्पॅनिश लागत न्हाय, काका.”