पहिली डिस्क

९ ऑक्टोबर २००९, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे; फाईली सात. संगणकाच्या नव्या प्रणालीचा गाभा, तिची अवजारे, तिची माहितीपुस्तके असे सगळे त्या सातांत भरलेले होते. त्यांतले एकही अक्षर गळालेले नाही, हे दाजींनी घरीच तपासले होते. त्यांनी पेनड्राइव्ह संगणकाला लावला आणि ते खुर्चीकडे वळले. खुर्चीवर धाकटा मेहुणा आधीच बसला होता.

"दाजी, तुम्ही नुसतं सांगायचं," तो म्हणाला. "कीबोर्डवर मी बसतो. राग मानू नका, पण हात लावायचा नाही."

"नाही लावत, मालक."

दाजी शेजारच्या स्टुलावर बसले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते या मुलाला अरेतुरे करीत असत.

लोखंडी जाळ्यांच्या या कारखान्यातले पत्रा कापणारे यंत्र परवा विजेच्या झटक्याने मुके झाले होते. यंत्र धड होते; त्याला हुकूम देणाऱ्या संगणकाची प्रणाली मोडली होती. म्हणून मेहुण्याने ताईला मध्ये घालून दाजींना बोलावणे धाडले होते. संगणकात डिस्क दोन. एकीवर प्रणाली असे. दुसरीवर दारांच्या, खिडक्यांच्या, जिन्यांच्या जाळ्यांची चित्रे होती. दाजींनी अकरा वर्षे खपून काढलेल्या त्या चित्रांवरच कारखाना उभा होता. दोन वर्षांपूर्वी दाजींना कारखान्यातून काढताना मेहुण्याने बजावले होते, "चित्रं कारखान्याची. एक जरी प्रत दाराबाहेर गेली, तर तुम्ही ताईचे यजमान आहात हे मी विसरेन." प्रत बाहेर गेली नाही. आतही कुणी काढली नाही, कारण प्रती काढून ठेवण्याचे काम दाजींचे होते.

त्याच दिवशी त्याने आणखी एक वाक्य ऐकवले होते, सगळ्या कामगारांदेखत. दाजी मांडण्यांनासुद्धा शून्यापासून क्रमांक देत. तंत्रनिकेतनात जडलेली सवय. "आमचे दाजी शून्यापासून मोजतात," मेहुणा म्हणाला होता, "म्हणून तर वाट्यालाही शून्यच येतं!" वेल्डर पोट धरून हसला होता. दुसऱ्याच दिवशी मांडण्या नव्याने रंगवल्या गेल्या: एक, दोन, तीन. पहिल्या मांडणीवरचे जुने शून्य रंगाखालून अजून डोकावत होते. दाजींनी आत पाऊल टाकताच ते पाहिले होते.

मेहुण्याने भाषा निवडली, घड्याळ लावले. पुढचा प्रश्न आला: प्रणाली कोणत्या डिस्कवर बसवायची? खाली दोन ओळी होत्या. डिस्क ०. डिस्क १. दोन्ही एकाच दुकानातून आणलेल्या, एकाच मापाच्या.

"प्रणाली पहिल्या डिस्कवरच होती ना?"

"पहिल्याच."

मेहुण्याने १ दाबला.

दाजींचे बोट गुडघ्यावरून उचलले गेले आणि पुन्हा गुडघ्यावर टेकले.

या डिस्कवरील सर्व काही कायमचे पुसले जाईल, असे पडद्यावर आले. पुढे जायचे?

मेहुणा थबकला. "सगळं पुसणार म्हणतंय. दाजी, हो म्हणू?"

एक शब्द पुरला असता. दाजींना जिन्याच्या जाळीतली एक वेल आठवली. तिचे एक वळण मनासारखे येईपर्यंत ते तीन रविवार घरी जेवायला गेले नव्हते. शब्द जिभेवर आला. तेवढ्यात त्यांची नजर मांडणीवर गेली.

"यंत्र तुमचं, डिस्क तुमची," ते म्हणाले. "मी कोण सांगणारा?"

"मालक," दारात जमलेल्या कामगारांतून वेल्डर म्हणाला, "लग्नाला हो म्हणताना तरी एवढा घोळ घातला होता का?"

सगळे हसले. दाजीही हसले. मेहुण्याने हो म्हटले.

सातही फाईली एकामागून एक उलगडत गेल्या. एकीनेही कुरकुर केली नाही. संगणक नव्याने सुरू झाला आणि कापणी यंत्राचा दांडा सरकत आपल्या जागी येऊन थांबला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा दाजी, तुमच्या हातावाचून काही अडलं का?"

"छे. काहीच नाही अडलं."

मेहुणा खुशीत चित्रे उघडायला गेला. डिस्क १ वर नवी कोरी प्रणाली होती. त्याने डिस्क ० उघडली. तिच्यावर मोडकी जुनी प्रणाली जशीच्या तशी बसून होती. तो पुन्हा १ कडे आला, पुन्हा ० कडे गेला.

"दाजी, आपली चित्रं कुठं गेली?"

आपली. दाजींनी तो शब्द नीट ऐकून घेतला.

"पहिली डिस्क शून्य क्रमांकाची, मालक. तुम्ही एकापासून मोजलंत."

"मग तेव्हा तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"तुमचं मोजलेलं तपासणं हे माझं काम होतं. ते तुम्ही काढून घेतलंत."

या वेळी वेल्डर हसला नाही. तो दारातून बाजूला झाला. दाजींनी पेनड्राइव्ह काढून टेबलावर मेहुण्यासमोर ठेवला, कारखान्यातले काही आपल्याबरोबर गेले असे कुणी म्हणू नये म्हणून. मग त्यांनी चपला घातल्या.

मेहुण्याने दोन्ही डिस्कवर चित्रांचा शोध सुरू केला होता. दाजी उंबऱ्याशी थांबले, उत्तर येईपर्यंत.

सापडलेली चित्रे: ०.