लखनलालच्या मिलची हवा

"डब्याच्या आजूबाजूले कोणी खोकाचंही नाही!" लखनलाल ओरडला. तो अनवाणी होता. चपलांनी धूळ उडते म्हणून सकाळीच काढून ठेवल्या होत्या.

कामठा रोडवरच्या त्याच्या राईस मिलची हवा तपासायला नागपूरहून नीतू मॅडम आल्या होत्या. धूळ जास्त निघाली तर मिलला टाळं, तेही ऐन धानाच्या हंगामात.

आठ वाजता मॅडमनी अंगणात तीन पायांचा स्टँड उभा केला. वर पांढरा चकचकीत डबा. मग त्या मजुरांकडे गेल्या, थोडा वेळ बोलल्या आणि परत आल्या.

"माणसाच्या नाकात काय जातं ते मोजायचं आहे, सेठजी. जाड धूळ वरच्या चकतीवर अडकते, बारीक खालच्या चकतीवर. चार वाजता येते. मिल रोजच्यासारखी चालू द्या."

"होय जी, रोजच्यासारखीच!" लखनलालनं हात जोडले. नजर डब्यावर.

मॅडमची जीप वळली आणि तो गरजला, "धनेंद्र! टँकर बोलाव!"

मॅनेजर धनेंद्रनं टँकर बोलावला. अंगण तीनदा शिंपलं. डब्याभोवती ओली पोती टांगली. घरचा कूलर आणून डब्याकडे तोंड करून लावला. हमालांच्या बिड्या जप्त झाल्या. नवी मशीन आली म्हणून लखनलालची बायको चंद्रकांता अगरबत्ती घेऊन आली, ती त्यानं बादलीत विझवली.

"अजी, पूजा त करू द्या!"

"चार वाजल्यावर कर. देवाले मी सांगतो!"

धनेंद्रनं डोकं खाजवलं. "पण सेठजी, मिल चालू हाय. धूळ जाईन कोठी?"

"आतच राहीन! सारे दारं लाव. कोंडा मांगच्या गोदामात ढकला. बॉयलरची राखही आजच काढा."

"एवढं कोण करन?"

"मंगरू हाय ना!"

मंगरू मिलमधला सर्वांत जुना हमाल. तोंडाला दुपट्टा बांधून तो पुढे आला. कॉलरला काळी चिमटी, तिच्यातून नळी निघून कमरेच्या डबीत गेलेली. डबी घुरघुरत होती.

"काय लटकवलास बे? गाणे आयकून राहिला?"

"नाही जी, हे त..."

"मंग आयकजो. फावडा उचल!"

मंगरू आत गेला. दार लागलं. दिवसभर आतून फावड्याचा आवाज येत राहिला. बाहेर लखनलाल दर दहा मिनिटांनी डब्याकडे बघून टाळ्या वाजवत होता. "एक कण नाही बा! एक कण नाही!"

चार वाजता मॅडमनी डबा बघितला. भुवया वर गेल्या. "एवढी गार, ओली हवा? इथं पाऊस पडला का?"

"आपली मिल अशीच हाय जी!" लखनलाल जागेवर उडालाच. "धनेंद्र, पेढे आण! मॅडम, धूळ किती निघाली? काहीच नसन ना?"

"धूळ? या डब्यात फक्त तापमान आणि ओलावा कळतो."

गोदामाचं दार उघडलं. डोळे सोडून सगळा राखाडी झालेला मंगरू बाहेर आला. मॅडमनी त्याच्या कॉलरची चिमटी अलगद सोडवली आणि तिच्यातल्या चकत्या बघितल्या.

"दिवसभर काढलं नाही ना, मंगरूभाऊ?"

"नाही जी. सेठजीनं जिथी जिथी धाडलं, तिथी तिथी घेऊनच गेलो."