उतारावरचा वेग

दगडांचा उतार सुरू झाला तिथे विश्रामरावांनी लेकीची नवी गाडी थांबवली, हात लांबवून डावीकडचं दार उघडलं आणि थांबून राहिले.

शेजारी बसलेली केतकी चक्रावली. "बाबा, मी कशाला उतरू?"

ते ओशाळले. गुरांचे डॉक्टर म्हणून ते धनगरवाड्यावर जायचे, तेव्हा जीपमध्ये त्या जागेवर त्यांची बायको शालन असायची. या उतारावर ती न सांगता उतरायची, पदर खोचून पुढे चालायची आणि कुठला दगड टाळायचा ते नुसत्या हाताने दाखवायची. तीस वर्षांत जीप एकदाही खालून घासली नाही. ती गेल्यापासून ते या वाटेला फिरकलेच नव्हते.

केतकीने दार ओढून घेतलं. "आता कुणी उतरायला नको. मी बटण दाबते, गाडी ठरल्या वेगाने आपसूक उतरेल. तुम्ही पाय काढून घ्या आणि फक्त स्टिअरिंग सांभाळा."

समोरच्या पडद्यावर ताशी सहा किलोमीटरचा आकडा उमटला. गाडी कुरकुरत उतरू लागली. विश्रामरावांचे पाय मोकळे झाले. नजर मात्र बॉनेटपुढच्या रिकाम्या वाटेवरून हलेना.

"कमी कर," ते म्हणाले.

तिने पाच केले, मग चार.

"अजून."

"याहून हळू म्हणजे माणसाची चाल झाली, बाबा. भीती वाटतेय का?"

"नाही गं. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. एवढ्या वेगाला तिला पळावं लागेल."