शर्यतीची गोष्ट

"काकू, आई फक्त तुमचं ऐकते. या वयात लग्न शोभतं का? तेवढं समजवा तिला," मैत्रिणीच्या मुलाने गळ घातली, म्हणून दुपारच्या चहाला तिच्याकडे गेले.

दार त्या नव्या गृहस्थांनीच उघडलं. निवृत्त बस ड्रायव्हर, खांद्यावर फडकं. "तुम्ही दोघी बसा, चहाचं मी बघतो." चहा आला तो अगदी पाणचट. मी तोंड वाकडं केलं, तर मैत्रीण म्हणते, "गप पी गं. आयता आहे."

मग तिने सुरुवात केली, "शाळेत मी पोहण्याच्या शर्यतीत उतरले होते ना..." ही गोष्ट ती मला कित्येक वर्षं सांगतेय. दर वेळी ती पाण्यात उडी मारणार, तोच आतून हाक यायची. आधी नवऱ्याचा चष्मा सापडायचा नाही. तो गेल्यावर मुलाचा शर्ट सापडेना. ती उठायची आणि गोष्ट काठावरच राहायची.

आजही नेमकी दाराची बेल वाजली. सवयीने ती अर्धी उठलीसुद्धा.

"तू बस गं, मी बघतो," आतून आवाज आला.

ती बसली. "तर मी मारली उडी..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिचा मुलगाच. "काकू, समजावलं का आईला?"

"फोन ठेव रे. तुझ्या आईने आत्ता कुठे उडी मारलीये. आता काठावरून कुणी हाका मारायच्या नाहीत."