काडी

सासूबाईंनी वाटीभर कडू औषध सुनेपुढे धरलं. "पी. या वैद्यबाईंच्या औषधाने भल्याभल्यांच्या घरी पाळणा हलला. तुझाच मेला काडीचा उपयोग नाही या घराला!"

सुनेने डोळे मिटून वाटी रिकामी केली. पहिल्या खेपेला पोटात मुलगी आहे असं कळल्यावर याच सासूबाईंनी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं होतं आणि पोट रिकामं करून घरी आणलं होतं. तेव्हापासून सून अगदी गरीब गाय झाली होती. देतील ते मुकाट्याने पीत होती.

ती वाटी विसळायला वळली, तशी सासूबाईंना तिच्या दंडावरची पट्टी दिसली. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. कातडीखाली काहीतरी बारीक, कडक हाताला लागलं.

"अगंबाई, हे काय आहे आत?"

"काडी आहे, आई. मूल न राहण्याचं औषध भरलेलं असतं तिच्यात. रोज कणकण सोडते. जुनी संपली, म्हणून काल नवी बसवून घेतली."

"काडी?" चटका बसल्यासारखा सासूबाईंनी हात मागे घेतला.

सून वाटी पालथी घालत म्हणाली, "हो. तुमच्या वंशाला लावलीय."